झरमॅट : पहिला स्की-आठवडा कसा आखावा?

पूर्वा_झ्युरिक

डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न इथे हमखास येतो. "आठवडाभर सुट्टी आहे, झरमॅटला स्की करायचं ठरवलंय, कुठला पास घेऊ?" दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. ज्यांचा अनुभव वेगळा आहे त्यांनी बिनधास्त लिहा, धाग्याचा उपयोग त्यानेच वाढेल.

आधी जागेची ओळख. झरमॅट हे स्वित्झर्लंडमधलं गाव १६०८ मीटरवर आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात बंदी. गाडीने येणाऱ्यांनी ती खालच्या टॅश गावात ठेवायची आणि तिथून शटल ट्रेनने बारा मिनिटांत वर. स्कीचा पसारा मुख्यतः तीन अंगांना आहे. एक सुनेगा-रोटहॉर्न, जिथे डोंगराच्या पोटातून जाणारी फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे) नेते. दुसरा गॉर्नरग्राट, जिथे १८९८ पासून दात्यांच्या रुळावरची विजेची रेल्वे ३०८९ मीटरपर्यंत चढते. तिसरा क्लाइन मॅटरहॉर्न, ३८८३ मीटर, युरोपातलं सर्वांत उंच केबल कार स्टेशन. त्याच्या पलीकडे उतरलं की इटली : चेर्व्हिनिया आणि व्हाल्तुर्नांश. सगळं मिळून ३६० किलोमीटर पिस्ट, म्हणजे स्कीसाठी आखलेल्या उतारवाटा.

आकडे वाचून माणूस हरखतो आणि दोन्ही देशांचा, सगळ्या दिवसांचा लिफ्टचा पास आधीच काढून मोकळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की ज्याने आयुष्यात कधी स्की पायाला बांधलेली नाही, त्याने पहिल्या आठवड्यात हा पास घेऊ नये. ऐन हंगामात दिवसाचा पास शंभर फ्रँकच्या घरात जातो. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही सुनेगाजवळच्या लायझे तळ्यापाशी, मुलांच्या पार्कात, सरकत्या पट्ट्यावर उभे राहून वर जाणार आणि पन्नास-शंभर मीटर खाली येणार. त्याला ३६० किलोमीटर कशाला हवेत?

तो पैसा दोन ठिकाणी घाला. पहिलं, शिक्षक. गटात शिका किंवा दोघा-तिघांत मिळून खासगी तास घ्या, पण शिक्षक घ्याच. नवऱ्याने बायकोला, मित्राने मित्राला शिकवायच्या भानगडीत पडू नये. ज्याला येतं त्याला आपण वळताना नेमकं काय करतो हे सांगता येत नाही, आणि समोरचा घाबरला की दोघांचाही दिवस जातो. दुसरं, बूट. स्की कुठलीही चालेल, बूट मात्र नेमका हवा. त्यावर पुढे सविस्तर लिहीन.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आल्प्समध्ये दिवस आपल्या मनाने चालत नाही. वारा, दिसणं आणि शेवटच्या लिफ्टची वेळ या तिघांचं ऐकायचं.

मुळशीकर

पूर्वाताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही पुण्याहून सहा जण येतोय. मी, बायको, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठची आणि आई-बाबा. आई-बाबा स्की करणार नाहीत. फेब्रुवारीत यायचा विचार आहे. एकच प्रश्न, फेब्रुवारी ठीक की मार्च? बाबांना बीपीची गोळी चालू आहे, ते वर ३८०० मीटरला आले तर चालेल का?

पूर्वा_झ्युरिक

@मुळशीकर, मुलांच्या शाळेचं जमत असेल तर मार्च. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडच्या कँटनांच्या (प्रांतांच्या) शाळांना आळीपाळीने क्रीडासुट्ट्या असतात, त्यात फ्रान्स, हॉलंड, इंग्लंडच्याही सुट्ट्या येऊन पडतात. राहण्याचे भाव चढतात, शिकवणीचे गट भरतात, सकाळी लिफ्टला रांगा. मार्चमध्ये दिवस मोठा, थंडी सुसह्य, आणि झरमॅट इतकं उंच आहे की बर्फाची काळजी नाही. फक्त दुपारनंतर खालचे उतार मऊ होऊन जड होतात, तेव्हा सकाळी लवकर सुरुवात करायची.

बाबांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. क्लाइन मॅटरहॉर्नला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापेक्षाही थोडा कमी असतो आणि केबल कारने माणूस तासाभरात तिथे पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. धडधाकट तरुणांचंही डोकं धरतं. आई-बाबांसाठी गॉर्नरग्राट सुंदर आहे. बसल्या जागी मॅटरहॉर्न, म्हणजे इथला प्रसिद्ध टोकदार सुळका दिसतो, वर गेल्यावर मॉन्टे रोझा आणि गॉर्नर हिमनदी समोर. उंची तिथेही कमी नाही, पण ३८८३ पेक्षा बरीच सौम्य.

गावातलं मॅटरहॉर्न म्युझियमही त्यांना दाखवा. १४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिम्परची तुकडी पहिल्यांदा मॅटरहॉर्नवर चढली आणि उतरताना सातांपैकी चौघे दोर तुटून गेले. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. बोटाएवढा बारीक दोर आहे. आपल्याकडे कडे चढणाऱ्या कुणालाही तो बघून थांबायला होतं.

शेखर_म्युनिक

धागा चांगला आहे, पण मुळातच माझा मतभेद आहे. पहिल्यांदा स्की शिकणाऱ्याने झरमॅटला जाऊच नये. तुम्हीच लिहिलंय की पहिले तीन दिवस सरकत्या पट्ट्यावर जाणार. मग तो पट्टा ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या एखाद्या छोट्या गावात का नको? पास स्वस्त, शिकवणी स्वस्त, राहणं-खाणं तर निम्म्याच्या आसपास. शिवाय तिथे नवशिक्यांचा उतार गावाला लागूनच असतो. झरमॅटला रोज सकाळी सगळं सामान खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत चाला, फ्युनिक्युलरची रांग, वर गेल्यावर परत थोडं चालणं. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन हे रोज करून बघा. ती शिकायच्या आधीच दमलेली असते.

दुसरं म्हणजे, झरमॅटच्या बऱ्याच निळ्या, म्हणजे सोप्या पिस्टही दुसरीकडच्या निळ्यांच्या मानाने अरुंद आणि लांब आहेत. डोंगरातून काढलेल्या रस्त्यासारखी वाट असते, एका बाजूला जाळी. नवशिका तिथे दबतो.

पूर्वा_झ्युरिक

शेखरदादा, खर्चाबद्दल शंभर टक्के मान्य. फक्त स्की शिकणं हाच हेतू असेल तर ऑस्ट्रियाच बरा, हे मीही सांगेन. पण पुण्याहून सहा माणसं येतात तेव्हा त्यांतली दोघं स्की करणार नसतात. त्या दोघांनी दिवसभर काय करायचं? छोट्या गावात ते हॉटेलच्या खिडकीत बसतात. झरमॅटला त्यांना रेल्वे आहे, चालायच्या बर्फवाटा आहेत, म्युझियम आहे, आणि दुपारी सुनेगाला येऊन नातीला स्की करताना बघता येतं.

शिवाय खालच्या रिसॉर्टमध्ये हल्ली बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. हजार मीटरवरचं गाव असेल तर जानेवारीतही हिरव्या कुरणातून पांढरा पट्टा काढलेला दिसतो, तो सगळा यंत्राच्या तोफांनी फवारलेला कृत्रिम बर्फ. भारतातून चार महिने आधी तिकीट काढणाऱ्याने तो धोका का घ्यावा?

सामानाचं मात्र खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे लिफ्टच्या पायथ्याशीच भाड्याचं दुकान बघायचं आणि रात्री बूट-स्की तिथल्याच कपाटात ठेवायचे. थोडे फ्रँक जातात, पण मुलं हात हलवत चालतात.

शेखर_म्युनिक

आई-बाबांचा मुद्दा पटला. बर्फाच्या भरवशाचाही. पण मग किमान एवढं करा, निघायच्या आधी लंडन, दुबई जिथे हाताशी असेल तिथल्या इनडोअर स्की हॉलमध्ये दोन तास काढा. बूट घालणं, स्की अडकवणं, पडून उठणं एवढं आधी झालं तर पहिला दिवस वाचतो.

फिजिओ_नेहा

दुखापतींबद्दल लिहिते, कारण हिवाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्यांत हे रुग्ण ठरलेले असतात.

स्कीत जातो तो गुडघा, त्यातही एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध. स्नोबोर्डवर जातं ते मनगट आणि खांदा. कारण सोपं आहे. स्कीवर दोन पाय दोन वेगळ्या लांब पट्ट्यांना बांधलेले असतात. तोल मागे जाऊन माणूस बसकण मारतो, खालच्या स्कीची आतली कड बर्फात रुतते, स्की एकीकडे वळते आणि शरीर दुसरीकडे. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर, त्यामुळे गुडघा पिळला जात नाही, पण पडताना हात आपोआप पुढे येतो आणि मनगटावर सगळं वजन.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला अडकवून ठेवणारी पकड, तिच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पडलं की बाइंडिंग सुटतं, मग गुडघ्याला काय होणार, असं लोक धरून चालतात. बाइंडिंगमुळे नडगीचं हाड मोडणं खूप कमी झालं, हे खरं. एसीएलला त्याने तेवढं संरक्षण मिळत नाही, कारण सावकाश पडतानाही तो तुटू शकतो आणि तेवढ्या जोरात बाइंडिंग सुटतच नाही. म्हणून दुकानात वजन, उंची, वय आणि कौशल्य खरं सांगा. त्यावरूनच बाइंडिंगचा आकडा ठरतो. वजन कमी सांगितलं तर चालता चालता स्की निसटेल, "मला चांगलं येतं" म्हणून सांगितलं तर सुटायला हवं तेव्हा सुटणार नाही.

आणि पडताना एक शिका, तोल गेलाच आहे तर उठायची धडपड करू नका, कुशीवर पडा आणि थांबेपर्यंत पाय एकत्र ठेवा.

तयारी दोन महिने आधी. स्क्वॉट, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, एका पायावर तोल. पुण्या-मुंबईकरांना तर आयता व्यायाम आहे. सह्याद्रीत चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा. राजगड, तोरणा उतरताना मांडीच्या ज्या स्नायूला कळ लागते, तोच स्नायू दिवसभर स्कीत लागतो.

मुळशीकर

नेहाताई, हे फारच उपयोगाचं. मुलगा म्हणतोय की त्याला स्नोबोर्डच करायचाय. मी म्हणतोय आधी स्की. कोण बरोबर?

रानवारा

मुलगा बरोबर :) ज्याला जे करावंसं वाटतं तेच त्याने करावं. आधी स्की मग बोर्ड असा काही नियम नाही.

पण मुलाला आधीच सांगून ठेवा, बोर्डचे पहिले दोन दिवस वाईट जातात. स्कीवर पहिल्याच दुपारी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागच्या शेपट्या एकमेकींपासून दूर करून हळूहळू खाली येता येतं, थांबता येतं. बोर्डवर पहिले दोन दिवस माणूस बसलेला किंवा पडलेला असतो. जरा सपाट फळी टेकली आणि खालच्या बाजूची कड रुतली की काही कळायच्या आत आपटतो. पुढे तोंडावर किंवा मागे डोक्यावर. म्हणून हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड पहिल्या मिनिटापासून. पण तिसऱ्या दिवशी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणं जमलं की पुढची प्रगती झपाट्याने होते. स्कीत उलट आहे, सुरुवात सोपी, पण समांतर वळणं नीटनेटकी यायला हंगाम जातात.

झरमॅटबद्दल बोर्डवाल्यांनी दोन गोष्टी बघून ठेवाव्यात. एक, डोंगराच्या एका अंगातून दुसऱ्या अंगाला नेणाऱ्या वाटांवर सपाट पट्टे आहेत. स्कीवाला काठ्या मारून पुढे जातो, बोर्डवाल्याला मागचा पाय सोडून ढकलत जावं लागतं. तिथे येण्याआधीच वेग ठेवायचा. दुसरं, वर थिओडुल हिमनदीवर अजून टी-बार आहेत. उलट्या टी आकाराचा दांडा असतो, स्कीवाल्यांना तो पार्श्वभागामागे येतो आणि दोघं शेजारी उभे राहून ओढले जातात. बोर्डवर तो पुढच्या मांडीच्या आतून घ्यायचा, मागचा पाय मोकळा, फळीवर बाइंडिंगच्या पुढ्यात टेकवलेला, नजर वर. खाली पायाकडे बघितलं की हमखास पडतो. पडलात तर दांडा लगेच सोडा आणि मार्गातून बाजूला सरका, मागून दुसरे येत असतात.

अदिती_ठाणे

वाचतेय. खूप छान माहिती. आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे, वर डोंगरावर जेवणाचं काय होतं? फाँड्यू चालतं ना?

पूर्वा_झ्युरिक

@अदिती_ठाणे, फाँड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, त्यात ग्रुयेर चीज असतं आणि अस्सल ग्रुयेर वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) लावतात. तुमच्या घरात ते चालतं का हे तुम्ही ठरवा, पण माहीत असावं. राक्लेट या दुसऱ्या वितळवून खायच्या चीजचंही बहुतेक तसंच. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं जाड धिरडं, ते चालेल, पण सांगावं लागतं की बेकन नको. काही ठिकाणी तळायलाही चरबी वापरतात, विचारून घ्या.

आम्ही सरळ स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतो. स्टेशनसमोरच मोठं सुपरमार्केट आहे. सकाळी ठेपले किंवा थालीपीठ करून फॉइलमध्ये गुंडाळायची, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायची म्हणजे गोठत नाहीत. थर्मॉसमध्ये चहा. वर बाहेरच्या बाकांवर बसून खातात लोक, कुणी काही म्हणत नाही. मात्र हॉटेलच्या टेबलावर स्वतःचा डबा उघडू नये. गावाच्या वर फिंडेल्नला जुन्या लाकडी घरांत छान खानावळी आहेत, तिथे एक दिवस ऐटीत जेवा. आधी टेबल राखून ठेवा.

चंदन_लंडन

चेर्व्हिनियाला जाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ज्यांना लाल, म्हणजे मध्यम अवघड पिस्ट आत्मविश्वासाने येते त्यांनी हा दिवस चुकवू नये. क्लाइन मॅटरहॉर्नवरून निघून इटलीत व्हाल्तुर्नांशपर्यंत उतरलं तर सलग वीस किलोमीटरच्या पुढे जाते, उंचीत तेवीसशे मीटरच्या आसपास खाली. चेर्व्हिनियाच्या बाजूला पिस्ट रुंद, ऊन जास्त, आणि जेवण निम्म्या किमतीत दुप्पट चांगलं. मॅटरहॉर्नही तिकडून ओळखू येत नाही. झरमॅटहून दिसणारा टोकदार सुळका इटलीतून रुंद, काळा कडा होतो.

पण परतीचं गणित घरून निघतानाच करायचं. तुम्हाला इटलीतून पुन्हा ३४८० मीटरवर, सीमेवरच्या टेस्टा ग्रीजापर्यंत चढून यायचं असतं आणि त्यात एकापाठोपाठ लिफ्ट लागतात. परतीची शेवटची वेळ प्रत्येक स्टेशनवर लिहिलेली असते. त्या वेळेला खाली उभं असून चालत नाही, वाटेतली एकूण एक लिफ्ट त्याआधी पकडावी लागते. आणि वारा सुटला तर ती वेळही रद्द.

आमच्या गटातले दोघं एकदा असेच अडकले. दुपारी एकपर्यंत निरभ्र, दोनला वरून वारा आला आणि वरच्या लिफ्ट बंद. रस्त्याने परत यायचं तर आओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्डचा बोगदा, मार्टिन्यी, फिस्प असा वळसा, दोनशे किलोमीटरच्या वर. टॅक्सीचे पैसे ऐकून त्यांनी चेर्व्हिनियातच रात्र काढली. पायात स्की बूट, अंगात ओले कपडे, आणि त्यातल्या एकाच्या रोजच्या गोळ्या झरमॅटला खोलीवर. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे. सीमा ओलांडायची तर पासपोर्ट, कार्ड, औषधं आणि एक कोरडा मोजा पाठीवर हवाच. सकाळी जायचं, बारापर्यंत जेवायचं, दीडला परतीच्या लिफ्टवर.

इटलीत आणखी दोन नियम आहेत. २०२२ पासून तिथे पिस्टवर दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे आणि हेल्मेट, जे आधी फक्त मुलांना सक्तीचं होतं, ते नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच सक्तीचं. पास काढतानाच विमा जोडता येतो.

हिमयात्री

विम्याचा विषय निघालाच आहे तर भारतातून येणाऱ्यांनी नीट ऐका. व्हिसासाठी काढलेल्या साध्या प्रवास विम्यात बहुतेक वेळा हिवाळी खेळ वगळलेले असतात. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, स्कीचा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) वेगळा घ्या, आणि त्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का ते बघा. झरमॅटला डोंगरावरचा जखमी बहुधा हेलिकॉप्टरनेच खाली येतो. एअर झरमॅट ही तिथली बचाव सेवा १९६८ पासून चालू आहे. काम उत्तम, बिलही तसंच. व्हाले कँटनमध्ये मदतीसाठी १४४, ते फोनमध्ये टाकून ठेवा.

आता हिमस्खलन. पिस्टवर राहणाऱ्याला त्याची धास्ती नको, उघडी असलेली पिस्ट सुरक्षित केलेली असते. नकाशात पिवळ्या रेघांच्या वाटा दिसतात, त्या हिमस्खलनापासून राखतात पण बर्फ दाबून सपाट करत नाहीत आणि संध्याकाळी शेवटची फेरीही मारत नाहीत. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की सगळी जबाबदारी तुमची.

दावोसची बर्फसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला हिमस्खलनाचं पत्रक काढते, १ ते ५ अशा पायऱ्या. लोक पाचाला घाबरतात आणि तीनला "मधला आकडा" समजून निघतात. अपघात तिथेच जास्त होतात. तीनला एकट्या माणसाच्या वजनानेही तीस अंशांपेक्षा तिरका उतार सुटू शकतो. ज्या हिमस्खलनांत स्कीयर मरतात, त्यांतली बहुसंख्य त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या गटातल्या कुणी सोडलेली असतात. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच आशा, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून शोधायची सळई आणि फावडं गटातल्या प्रत्येकाकडे हवं आणि वापरता यायला हवं. हेलिकॉप्टर येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

झरमॅटला आणखी एक धोका आहे, हिमनदीतल्या भेगा. क्लाइन मॅटरहॉर्नखाली पिस्टच्या खांबांच्या बाहेर दहा मीटर जरी गेलात तरी तुम्ही हिमनदीवर आहात. बर्फाचा पातळ पूल भेगेवर असतो आणि वरून काही दिसत नाही. फोटो काढायलाही दोरी ओलांडू नका. मुलांना हे पहिल्या दिवशीच सांगा.

कोकणकडा

हिमयात्री, +१. भेगांबद्दल फार कमी लोक लिहितात.

इथे कुणाला गुलमर्गचा अनुभव आहे का? आधी तिथे शिकून मग आल्प्सला जाणं शहाणपणाचं नाही का? खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिमयात्री

@कोकणकडा, शिकायला जरूर जा. गुलमर्गला सरकारी संस्थेचा दोन आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो, औलीलाही असतो, आणि त्या पैशात झरमॅटचे दोन दिवसही निघणार नाहीत. शिस्त कडक, उतार छोटा, पण पाया पक्का होतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकमेव खेळाडू होता तो आरिफ खान, गुलमर्गच्याच उतारांवर वाढलेला. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. आपल्याकडच्या सोयी बघता ही फार मोठी गोष्ट आहे.

एक इशारा. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर चार हजार मीटरच्या जवळ नेतो, आणि तिथून खाली येणारा बहुतेक डोंगर पिस्टबाहेरचाच आहे. परदेशी स्कीयर तिथे हिमस्खलनात गेलेले आहेत. बेसिक कोर्स करून लगेच वर जाऊ नका.

रानवारा

पिस्टवरच्या वागण्याचे नियम राहिले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, त्यातला गाभा हा की वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालच्याला मागे डोळे नसतात. तो अचानक वळला तरी चूक वरच्याचीच. आणि थांबायचं असेल तर पिस्टच्या कडेला, जिथे वरून दिसाल अशा जागी. उंचवट्याच्या मागे घोळका करून फोटो काढणं धोक्याचं आहे. आपल्या गटांमध्ये हे वारंवार बघतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

ढगाळ दिवसाचंही सांगतो. झाडांच्या रेषेच्या वर ढग उतरले की आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे होतात, पायाखाली चढ आहे की खळगा कळत नाही. उभे असताना वाटतं आपण हलतोय. अशा वेळी वर जाण्यात अर्थ नाही, सुनेगाच्या खालच्या अंगाला लार्चची झाडं आहेत, त्यांच्या आधाराने उतार दिसतो. गॉगलला फिकी काच असेल तर बरोबर ठेवा.

अदिती_ठाणे

एक वेगळाच प्रश्न. एवढ्या बर्फाच्या तोफा, लिफ्ट, हिमनदीवर यंत्रं. हे सगळं बघून आपण तिथे जावं की नाही असं वाटतं. तिथे राहणाऱ्यांना काय वाटतं?

पूर्वा_झ्युरिक

अदिती, हा प्रश्न मलाही छळतो आणि मी तो टाळणार नाही. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांचा सुमारे दहा टक्के बर्फ गेला. झरमॅट उन्हाळ्यातही स्की चालणाऱ्या मोजक्या जागांपैकी आहे, पण जुलै २०२२ मध्ये उष्णतेमुळे उन्हाळी स्की थांबवावी लागली. झरमॅट ते चेर्व्हिनिया अशी दोन देशांतून जाणारी वर्ल्ड कप डाउनहिल शर्यत ठरली होती, २०२२ ला बर्फ नाही म्हणून आणि २०२३ ला हिमवादळ-वाऱ्याने रद्द झाली. एकदाही झाली नाही. टेस्टा ग्रीजाजवळ तर हिमनदी वितळून सीमा जिच्यावरून जाते ती पाणलोटाची रेघच सरकली आणि दोन देशांना सीमा नव्याने आखायला बसावं लागलं.

दुसरी बाजूही तितकीच खरी. बर्फ कमी होतोय म्हणजे कधीच जास्त पडत नाही असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये एवढा बर्फ पडला की रस्ता-रेल्वे बंद होऊन सुमारे १३,००० पर्यटक झरमॅटमध्ये अडकले. एप्रिल २०२५ ला ईस्टरच्या तोंडावर पुन्हा गाव तुटलं. इथली माणसं पिढ्यान् पिढ्या या डोंगरावर जगतायत. त्यांना लिफ्ट बंद करून जा म्हणणं मला जमत नाही. मी स्वतः रेल्वेनेच जाते, एका हंगामात पाच ठिकाणी उड्या मारण्याऐवजी एकाच जागी जास्त दिवस राहते, आणि ताज्या बर्फासाठी हेलिकॉप्टरने शिखरावर सोडणाऱ्या सहली कधीच घेत नाही. प्रत्येकाने आपापली रेघ ओढावी, पण ओढावी.

मुळशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी बसून ठरवलं ते असं. मार्चचा दुसरा आठवडा. अपार्टमेंट, रेल्वेने प्रवास. पहिले तीन दिवस फक्त शिकवणी आणि नवशिक्यांच्या पट्ट्याचं तिकीट. पुढचा पास चौथ्या दिवशी शिक्षकाला विचारूनच, तोही फक्त झरमॅटचा. मुलगा बोर्ड, बाकी तिघं स्की. आई-बाबा गॉर्नरग्राट, ३८८३ रद्द. विम्याचा रायडर घेतला. शनिवारपासून सगळे सिंहगड चढतोय-उतरतोय.

पूर्वाताई, बुटांवर लिहिणार होतात.

पूर्वा_झ्युरिक

आखणी उत्तम झाली आहे. बूट भाड्यानेच घ्या, पहिल्या वर्षी विकत नको.

पोचलात त्याच संध्याकाळी दुकानात जा, सकाळच्या गर्दीत घाईघाईत देतात. पातळ, गुडघ्यापर्यंतचा एकच मोजा. जाड लोकरी किंवा दोन मोजे घातले की मोज्याची घडी नडगीला टोचते आणि रक्त अडून पाय उलट गार पडतो. थर्मलची पँट बुटात खुपसायची नाही, बुटाच्या वर ठेवायची.

बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, पाय मोजून घ्या. नेहमीच्या बुटाच्या नंबरवरून अंदाज बांधू नका. टाच मागे आपटून मग बकल लावा. सरळ उभं राहिलं की अंगठ्याचं टोक पुढे जेमतेम टेकलं पाहिजे. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की अंगठा मागे सरकून मोकळा झाला पाहिजे. त्या अवस्थेत टाच वर उचलता येत असेल तर बूट मोठा आहे, मग तो कितीही आरामशीर वाटो. दुकानात पंधरा मिनिटं घालून उभे राहा, फिरा, मुलीला विशेष करून विचारा, कारण मुलं लाजून "ठीक आहे" म्हणतात. बोटांना घट्टपणा चालतो, घोट्याच्या हाडावर किंवा नडगीवर एका बिंदूला दुखणं चालत नाही.

मुलाचे बोर्डचे बूट मऊ असतात, त्यांना हाच टाचेचा नियम लावा. पुढचा पाय कुठला हे दुकानात विचारतील, तेव्हा तो मोज्यांवर गुळगुळीत फरशीवर घसरताना कुठला पाय पुढे टाकतो ते घरीच बघून ठेवा.

पहिल्या दिवसानंतर दुखलं तर त्याच संध्याकाळी जाऊन बदलून घ्या. संकोच करू नका, दुकानदार बदलून देतात, भाड्यात ते धरलेलंच असतं.